तीन बोटांची निमित्तं

माझ्या उजव्या हाताची तीन बोटं पहिल्यांदा खाजली, तेव्हा ती पाण्यात होती. बाहेर पनवेलचं दुपारचं ऊन असणार, रिक्षांची गर्दी असणार, एसटी स्टँडवर कंडक्टर पेण-पेण म्हणून ओरडत असणार. आमच्या डार्करूममध्ये यातलं काही पोचत नसे. तिथे एक लाल बल्ब होता आणि ओळीनं मांडलेले ट्रे. पहिल्या ट्रेमध्ये डेव्हलपर, म्हणजे पावडर कालवलेलं औषधाचं पाणी. त्यात मी एक कोरा कागद सोडला होता आणि त्यावर कुणाचा तरी चेहरा यायला लागला होता. आधी केस येतात. मग भुवया, बुबुळं, मिशी असेल तर मिशी. गाल आणि कपाळ सगळ्यांत शेवटी, माणूस लाजत लाजत वर यावा तसं. मी त्या कपाळावर बोटं फिरवत होतो आणि बोटांच्या बेचक्यात मुंगी चालल्यासारखं झालं. मी तिकडे लक्ष दिलं नाही. चेहरा अर्धा आलेला असताना हात काढायचा नसतो.

बोटं फिरवायची ही पद्धत आमच्या स्टुडिओची. मालकांना मी पहिल्या दिवसापासून दादा म्हणायचो, त्यांनीच ती मला शिकवली. दुसरीकडे कागद चिमट्यानं धरतात. दादांना चिमटा आवडत नसे. चिमट्याला काय कळतंय पाणी गार पडलं का, असं ते म्हणायचे. दिव्याच्या झोतानं चेहऱ्याचा एखादा भाग पांढराफटक पडला असेल, तर पाण्यातच त्यावर बोटांची टोकं हळूहळू चोळायची. बोटांच्या उबेनं तेवढी जागा भरून येते. स्थळासाठी मुलींचे फोटो काढायला येणाऱ्या आया म्हणायच्या, तुमच्याकडे चेहरा जिवंत येतो हो. दादा हसून माझ्याकडे बोट दाखवायचे. त्या वेळी मला वाटायचं की मी कुणीतरी आहे.

मी पनवेलचा नाही. माझं गाव नांदेडच्या पुढे, पैनगंगेच्या अंगाला. आठवीत शाळा सुटली. मी सोडली की तिनं मला सोडलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मामा पळस्प्याच्या नाक्यावर ट्रकच्या गॅरेजात होता, त्याच्या मागं मागं आलो. गॅरेजातलं काम मला जमलं नाही. मामा एकदा लायसनसाठी फोटो काढायला दादांकडे आला, मीही बरोबर होतो. दादांनी सहज विचारलं, हा काय करतो? मामा म्हणाला, काही करत नाही, नुसता बघत बसतो. मग आमच्याकडे दे, दादा म्हणाले, आमचा धंदाच बघण्याचा आहे. असा मी तिथे राहिलो. नव्वद सालाच्या थोडं अलीकडची-पलीकडची गोष्ट.

झोपायला स्टुडिओ होता. फोटोच्या मागे लावायचा रंगवलेला पडदा होता, त्यावर तळं, तळ्यात एक हंस आणि कुठेच न जाणाऱ्या पांढऱ्या पायऱ्या. मी त्या पायऱ्यांच्या पायथ्याशी सतरंजी टाकायचो. जेवण मागच्या गल्लीत दादांच्या घरी. वहिनी त्यांच्या पंगतीतच माझं ताट मांडायच्या, दादांच्या शेजारी. त्या घरात मला कुणी नोकर म्हटलं नाही, आणि त्यामुळेच मी सारखा धास्तावलेला असायचो. नोकराची नोकरी जाते. माझं ताटही गेलं असतं, दादा-वहिनीही गेले असते, आणि तो लाल उजेडही.

म्हणून खाज आली तेव्हा मी ती लपवली.

आधी नुसती खाज होती. मग बोटांच्या कडेला साबुदाण्यासारखे बारीक दाणे आले, आतून पाणी भरलेले. ते फुटले की कातडी वाळायची, तडकायची, आणि घड्यांमध्ये बारीक लाल चिरा पडायच्या. मीठ लागलं की जीव जायचा. मी डाव्या हातानं पैसे घ्यायला लागलो, गिऱ्हाईक डोळे वटारायचं, मग पुन्हा उजवा. आमच्या गावात एक म्हातारा होता, बोटं झडलेला. त्याला लोक वरून पाणी ओतायचे, तांब्या ओठाला न लावता. तो म्हातारा मला पनवेलमध्ये दिसायला लागला. ट्रेमधल्या पाण्यात कुणाचाही चेहरा वर येताना मधेच क्षणभर त्याचा व्हायचा आणि मग भुवया येऊन पुन्हा गिऱ्हाइकाचा. मी ऐकलं होतं की त्या रोगात बधिरपणा येतो. मग मी टाचणी घेऊन बोटांना टोचून बघायचो. दुखलं की बरं वाटायचं. सकाळी उठून टोचायचो, जेवायला जायच्या आधी टोचायचो. त्या टोचण्यानंही काही दाणे उठले असतील, आता वाटतं.

वहिनींच्या लक्षात आलं ते भात वाढताना. मी आमटीत बोटं घालायला कचरत होतो. त्यांनी विचारलं काय झालं, मी हात मांडीखाली घेतला. बघू, म्हणाल्या. मी दाखवला. मला वाटलं आता ताट उचलतील. त्यांनी वाटीभर खोबरेल आणून शेजारी ठेवलं आणि दादांना म्हणाल्या, याला वांगं बंद करायला पाहिजे, वांगं खाजरं असतं.

तिथून माझ्या बोटांचं कारण शोधायला सगळं पनवेल लागलं, असं म्हटलं तरी चालेल.

स्टुडिओच्या पायरीला टेकून एक मावशी सुकट-बोंबील विकायला बसायच्या, खाडीकडच्या गावातल्या. शेडची सावली आमची, वास त्यांचा, असा दादांचा आणि त्यांचा कायमचा करार. त्यांनी माझा हात उन्हात धरला, इकडून तिकडून फिरवला आणि निकाल दिला. "तुला आमचा म्हावरा सोसला नाय. आमी लानपनापासून खातो, आमच्या रगतात हाय तो. तू आपला ज्वारीचा मानूस." मी म्हावरा सोडला. वहिनींनी कोलंबीचं कालवण केलं की मला वेगळी डाळ करायच्या, आणि मला त्या डाळीचंच ओझं वाटायचं. फरक पडला नाही. दादा म्हणाले चहानं अंगात उष्णता होते. चहा सोडला. कुणी म्हणालं शेंगदाणे, कुणी म्हणालं गूळ. बँकेतला एक माणूस फोटोची पावती दाखवता दाखवता म्हणाला, मासे खाऊन वर दूध प्यायलास का कधी? मी एकदा प्यायलो होतो. ते आठवून मी बरेच दिवस उदास होतो.

मग बाजारपेठेतल्या एका वैद्यांनी मीठ सोडायला सांगितलं.

अळणी जेवणाचे ते दिवस मला स्वप्नासारखे आठवतात. जिभेला काही लागत नव्हतं, म्हणून बाकी सगळं जास्त लागायचं. हवेतला खारटपणा मला पहिल्यांदा जाणवला. संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला की मी स्टुडिओच्या दारात उभा राहून तोंड किंचित उघडं ठेवायचो. डार्करूममध्ये डोकं हलकं व्हायचं. कागदावर वर येणारे चेहरे फार सुंदर दिसायचे, एकेक माणूस धुऊन नवा केल्यासारखा, आणि मी त्यांच्या गालांवर बोटं फिरवत कुठल्यातरी दूरच्या जेवणाचा विचार करत असायचो. माझ्या आईच्या हातचं पिठलं, भाकरी, वर मिरचीचा ठेचा. मावशींना कळलं तेव्हा त्या बाजूच्या भाजीवालीला सांगून हसल्या. "बग गं, ह्यो मिठागरांच्या गावात येऊन अळनी खातो. समुद्र रुसंल तुज्यावर." भाजीवाली म्हणाली, रुसू दे, भरतीला तेवढंच पाणी कमी. ते दोघींचं हसणं मला आवडायचं. माझ्या बोटांवर कुणी हसत असेल, तर त्या बोटांना कुणी घाबरत नाही, असं मी मनाशी धरून ठेवलं होतं.

मीठ सोडूनही बोटं तशीच. उलट चिरा अंगठ्याच्या मुळापर्यंत आल्या.

मामाकडून हे गावी पोचलं. आईनं निरोप पाठवला, देवाचं राहिलंय. मी लहान असताना गोवर निघाला होता, तेव्हा तिनं देवीला काहीतरी बोलून ठेवलं होतं आणि ते फेडायचं राहून गेलं होतं. काय बोललं होतं ते तिलाही नक्की आठवत नव्हतं. दादांनी त्यासाठी सुट्टी दिली. एसटी बदलत बदलत मी घरी गेलो. आईनं नैवेद्य केला, नारळ वाहिला, साडीचोळी वाहिली, बोललेलं काहीही असो, कशात तरी बसलं असेल या हिशोबानं. मी अंगणात बाजेवर पडून राहायचो. सकाळी विहिरीवर अंघोळ, दुपारी झाडाखाली झोप. वारा आला की लिंबोळ्या पाठीवर पडायच्या.

आणि बोटं बरी झाली.

मला विश्वास बसेना. आधी दाणे बसले, मग कोंडा झडला, मग खालून गुलाबी, लहान मुलासारखी कातडी आली. आई देवीला हात जोडत राहिली. मी मात्र मनात म्हटलं, पाणी. पनवेलचं पाणी मला लागत नाही. मीठ नाही, मासा नाही, पाणीच. हे कारण मला फार आवडलं, कारण त्याच्यावर उपाय होता.

निघताना मी आमच्या विहिरीच्या पाण्याचा एक मोठा प्लास्टिकचा कॅन भरून घेतला. एसटीत कंडक्टरनं विचारलं, रॉकेल आहे का? नाही म्हटलं, पाणी. त्याला पटेना. मी झाकण काढून वास घ्यायला लावला. शेजारी एक म्हातारी बसली होती, तिनं विचारलं कुठलं तीर्थ आहे बाबा? मी म्हटलं, आमच्या विहिरीचं. तिला वाटलं मी सांगायला तयार नाही. तिनं हाताचा पसा पुढे केला. मी पसाभर ओतलं. मग तिच्या मागच्या बाईनं हात पुढे केला. माझं हात धुवायचं पाणी असं थोडं थोडं लोकांनी डोळे मिटून प्यायलं, आणि मी घाबरून कॅन पायांमध्ये घट्ट धरून बसलो.

पळस्प्याला उतरलो तेव्हा पहाट सरत आलेली होती. मामा गॅरेजच्या बाहेर दात घासत होता. कॅनकडे बघून म्हणाला, "पाणी कशाला आणलंस? विहीरच आणायचीस की." पण त्यानंच पुढे रिक्षा करून दिली.

त्या पाण्यानं मी फक्त बोटं धुवायचो, जपून, वाटीनं. मावशी म्हणायच्या, आमच्या तळ्यांनी काय घोडं मारलं तुजं? थोड्याच दिवसांत दाणे पुन्हा उठले. मग माझ्या डोक्यात आलं की डेव्हलपर कालवायचं पाणी तरी पनवेलचंच आहे ना! मी उरलेल्या पाण्यात डेव्हलपर कालवला. दादांना न सांगता. आज हे लिहिताना मलाच नवल वाटतं, की मी पाण्यापर्यंत पोचलो आणि त्यात कालवलेल्या पावडरीपाशी थांबलो नाही. माझ्या गावच्या विहिरीत त्या दिवशी पनवेलच्या एका शाळेच्या बाईंचा चेहरा वर आला. केस, भुवया, चष्मा. नेहमीसारखाच आला. मी बोटं फिरवत होतो आणि बोटं जळत होती.

कॅन संपला. सोडण्यासारखं आता एकच उरलं होतं. ते मला कळत होतं असंही नाही आणि कळत नव्हतं असंही नाही. लाल उजेडात बरंच काही असं अर्धवट दिसतं. मला वांगं सोडायला चाललं, मीठ सोडायला चाललं. ती खोली सोडली, तर मी पनवेलमध्ये कशासाठी होतो?

मग एक दिवस एका बाईंना मी फोटोंचं पाकीट दिलं. मुलीच्या लग्नाचं बघत होत्या, बऱ्या घरच्या, इस्त्रीची साडी नेसलेल्या. त्यांनी माझी बोटं पाहिली आणि पाकीट कोपऱ्यात, नखांनी धरलं. दादांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, याला काही पसरणारं वगैरे नाही ना? आमच्या मुलीच्या फोटोला यानंच हात लावला का?

दादा म्हणाले, फोटोला मीच हात लावतो.

दादा खोटं बोलल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी आत गेलो आणि दार लावून घेतलं. ट्रेमध्ये काहीच नव्हतं, नुसतं पाणी. बाहेर त्या बाई बराच वेळ फोटोतल्या साडीच्या काठांबद्दल बोलत होत्या. मी ठरवलं होतं की दादांनी काही बोलायच्या आत आपणच निघायचं. सतरंजी गुंडाळायची, मामाकडे जायचं. पण दादांनी दारावर टकटक केली आणि म्हणाले, शर्ट बदल, डॉक्टरकडे जायचंय.

मुंबईहून आठवड्यातून एकदा एक कातडीचे डॉक्टर यायचे. वयस्कर, सावकाश. त्यांनी भिंग घेऊन माझा हात बघितला, दुसरा हात बघितला, कोपरं बघितली, लहानपणी खरूज-इसब झालं होतं का विचारलं. गुडघ्यांच्या मागे व्हायचं, मी म्हटलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं, वांगं, म्हावरा, दूध, मीठ, देवी, विहीर. सगळं संपल्यावर त्यांनी माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट धरून वर उचललं.

"मासा खाल्ला तो या दोघांनी नाही खाल्ला का? यांना का काही नाही? यांनी काय पुण्य केलंय?"

त्यांनी विचारलं, काम काय करतोस? स्टुडिओत, म्हटलं. कसं करतोस ते दाखव. मी टेबलाकडे बघितलं. मग त्या टेबलावर एक ट्रे आहे असं धरलं आणि हवेतल्या पाण्यात हात घातला. अंगठा, शेजारचं, मधलं. तीन बोटांनी कागद हलवला, उलटा केला, आणि कुणाच्यातरी कपाळावर हळूहळू चोळायला लागलो. मी ते इतक्या वेळा केलेलं होतं की खरोखर कुणीतरी वर येतंय असं वाटलं. दादा माझ्या हाताकडे बघत होते. तो हात त्यांचाच होता. तसाच झुकायचा, तसाच थांबायचा.

डॉक्टर म्हणाले, पावडरीतलं एक रसायन काही जणांच्या कातडीला चालत नाही. महारोग नाही, पसरणारं नाही, रक्तातलं नाही. दादांनी विचारलं, मग मला कसं झालं नाही? माझी तर उभी हयात त्यात गेली. डॉक्टर म्हणाले, तुमची कातडी तुमची आहे. मूळ कारण याच्या अंगातच आहे, ते तो घरून घेऊन आला, ते काही जायचं नाही. बाकीची निमित्तं असतात. हे मोठं निमित्त. हे सुटलं तरी दुसरी येतील, थंडी येईल, साबण येईल, काळजीसुद्धा येईल. काळजीवर त्यांनी जरा जोर दिला आणि भिंगातून नाही, तसंच माझ्याकडे बघितलं. मग मलम लिहून दिलं.

परत येताना आम्ही तळ्याच्या काठानं आलो. पाण्यावर शेवाळ होतं आणि त्यात मधे मधे आभाळाचे तुकडे. कुणीतरी कपडे आपटत होतं, त्याचा आवाज पलीकडून उशिरा यायचा. मी मनात शब्द जुळवत होतो, की तुम्ही मला फार केलंत, मी जातो. ते शब्द चांगले जुळले होते. पण दादाच आधी बोलले.

"डार्करूम मी बघतो. तू बाहेर कॅमेऱ्यावर उभा राहा."

एवढंच. त्यात त्यांनी काय दिलं हे मला तिथे कळलं नाही, चालत चालत घराजवळ आल्यावर कळलं. मी आत काम करायला लागल्यापासून ते आता कुठे डार्करूममधून बाहेर आले होते. इस्त्रीचा शर्ट घालायला लागले होते, पंख्याखाली बसून लोकांशी बोलायला लागले होते. शर्टाला हायपोचा, फोटो पक्का करायच्या औषधाचा, वास येत नाही म्हणून वहिनी खूश होत्या. माझ्यासाठी ते परत आत चालले होते. वहिनींनी ऐकलं आणि जुना, डागांचा शर्ट काढून खुंटीला लावला. मला म्हणाल्या, आता सगळं खा.

त्यानंतर बोटं बरीच बरी झाली. पूर्ण कधीच नाही. डॉक्टरांनी म्हटली होती ती निमित्तं एकेक करून आली, काही त्यांनी न म्हटलेलीही. थंडीत येतं, भांड्यांच्या पावडरीनं येतं. एकदा कच्च्या कैऱ्या चिरल्या तेव्हा आलं. पुढे काही वर्षांनी रंगीत फोटोंच्या मशिनी आल्या आणि आमचं काय होणार म्हणून आम्ही सगळे गप्प गप्प असायचो, तेव्हा तर कशालाही हात न लावता आलं. कधी कधी नुसतंच येतं आणि मी आठवत बसतो, काय खाल्लं, कुठे गेलो, कुणाचं वाईट बोललो. कारण न सापडता ते निघून जातं. आता मी त्याला ओळखतो. घाबरत नाही असं म्हणणार नाही.

पण तेव्हाचं सांगत होतो. कॅमेऱ्यावर आल्यावर मला एका गोष्टीची धास्ती बसली, जी मी दादांनाही सांगू शकत नव्हतो. फोटोग्राफर माणसाला नीट बसवताना हनवटीला हात लावतो. सगळेच लावतात, दादाही लावायचे. दोन बोटं हनवटीखाली, किंचित वर, किंचित फिरव, हां, असंच राहा. त्यात बायका-माणसं कुणी संकोचत नसे. मला ते करायचं होतं आणि माझ्याकडे ही बोटं होती. पाकीट नखांनी धरणाऱ्या बाई माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हत्या. म्हणून मी हात मागे बांधून लांबून बोलायचो, मान जरा डावीकडे, नाही नाही, इतकी नको, थोडी खाली. लोक माझं ऐकून मान अशी काही करायचे की आत दादा कागद पाण्यात सोडायचे आणि वर यायचा तो वाकड्या मानेचा माणूस. दादा बाहेर येऊन ओला फोटो दाखवायचे. हा काय कुणाच्या खिडकीत डोकावतोय का? मी मान खाली घालायचो. किती दिवस ते वाकडी माणसं छापणार होते? गिऱ्हाईक दुसऱ्या स्टुडिओत जायला लागलं होतं, ते मला दिसत होतं.

एका दुपारी मावशी टोपली पायरीवर ठेवून आत आल्या. त्यांच्या गावाकडच्या जमिनीच्या कागदांना फोटो लागणार होता. पदर नीट केला, तोंड पुसलं आणि पडद्यासमोर स्टुलावर बसल्या, पाठीमागे हंस. दिवे लावले. आयुष्यात पहिल्यांदा त्या गप्प बसलेल्या होत्या. मी म्हटलं, मावशी, मान जरा उजवीकडे. त्यांनी अख्खं अंग उजवीकडे केलं. म्हटलं, अंग नाही, मान. त्यांनी मान केली आणि डोळे डावीकडे माझ्यावर ठेवले. आता हनवटी थोडी वर. त्यांनी कपाळ वर केलं. मी कॅमेऱ्याच्या मागून बोलतच राहिलो.

"अरं, किती बोलशील?" मावशी म्हणाल्या. "हात लाव नं. तुजा दादा लावतो."

मी म्हटलं, माझी बोटं बरी नाहीत.

"मंग? माजी हनवटी काय दुधाची हाय, नासंल?"

आतून पाण्याचा आवाज येत होता तो थांबला. दादा ऐकत असावेत. मी पुढे गेलो. दिव्यांच्या उबेत मावशींचा चेहरा अगदी जवळ होता, मिठानं आणि उन्हानं रापलेला, आणि त्या समोर बघत होत्या, माझ्या हाताकडे नाही. मी दोन बोटं त्यांच्या हनवटीखाली ठेवली. कातडी कोरडी आणि गरम होती. त्या हलल्या नाहीत. मी मान किंचित वर केली, किंचित फिरवली, आणि एकदम ती बरोबर जागी आली. हां, मी म्हटलं, असंच राहा.

फोटो घेतला. दादांनी फिल्मचा तेवढा तुकडा लगेच धुवून छापायला घेतला. मावशी टोपलीपाशी जाऊन बसल्या, एक गिऱ्हाईक बोंबलाचा भाव करत होतं, त्याच्यावर ओरडल्या. मी डार्करूमच्या बंद दाराबाहेर उभा राहिलो. आत दादांची बोटं पाण्यात असणार. केस येत असतील. मग भुवया. मग ती हनवटी, जरा उशिरा, हळूहळू भरत.

दार उघडलं. दादा जुन्या शर्टात, हातात ओला कागद धरून उजेडात आले आणि डोळे किलकिले करत त्याच्याकडे बघत राहिले.

"सरळ आहे," ते म्हणाले आणि कागद माझ्या हातात दिला.

मी तो दोन्ही हातांनी घेतला. स्टुडिओत पुढचं गिऱ्हाईक येऊन बसलं होतं, कॉलेजच्या फॉर्मसाठी आलेला एक मुलगा, मान तिरकी करून आरशात केस बघत. मी फोटो वाळायला लावला आणि त्याला म्हटलं, इकडे बस, आणि हनवटी अशी माझ्याकडे दे.